फुलांखालचा आवाज

७ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कठड्याला लोंबकळतोस, की घेतलीस एकदाची काठी? तुझ्या थोरल्याचा खोकला गेला का? दिवसभर दुकानाच्या त्या कोंदट मागच्या खोलीत बसून फोटो छापतो, जरा खिडकी उघड म्हणावं. सूनबाईंची पाठ कशी आहे? भरलेली बादली एका हाताने उचलायची नाही, दोन हातांत दोन अर्ध्या घ्यायच्या, असं मी सांगितल्याचं सांग. नातवाचे पुढचे दात आले का? दात नसतानाच तो जास्त गोड दिसतो, पण त्याच्यासमोर म्हणू नकोस. आणि समोरचे ते न्हावी, ज्यांच्याशी तू रोज बुद्धिबळ हरतोस, ते बरे आहेत ना?

मी ठणठणीत आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र तरी उचलशील, दारातून आत यायला अडचण होते त्याची.

तर बातमी अशी की मी कॉम्प्युटर घेतला. आमच्या गल्लीतलं एक ऑफिस बंद झालं, त्यांनी सामान बाहेर काढलं, त्यातला एक मी उचलून आणला. शिवणयंत्राच्या शेजारी ठेवला आहे. हसू नकोस. शिवण मला कोणी शिकवली होती? उसवून बघितलं आणि शिकले. हेही तसंच.

तू वाटलेल्या त्या घरच्या व्हिडिओच्या डिस्क आता कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायच्या ठरवल्या. पहिल्या दिवशी मी डिस्क आत घातली, पडद्यावरचं तिचं चित्र माउसने धरून ओढलं आणि मोकळ्या जागेत आणून सोडलं. लगेच तिथे एक छोटं चित्र आलं, कोपऱ्यात बाण असलेलं. एका क्षणात काम! म्हटलं, लोक उगाच या कॉम्प्युटरचा बाऊ करतात. सगळ्या डिस्क अशाच भराभरा ‘उतरवल्या’, चहा केला, ऐटीत प्यायले. मग डिस्क काढून एका चित्रावर क्लिक केलं, तर यंत्र म्हणतं, डिस्क घाला. अरे मेल्या, डिस्कच घालायची असती तर तुझ्या दारात कशाला आले असते! म्हणजे मी माणसं घरी आणलीच नव्हती, नुसत्या त्यांच्या दारावरच्या पाट्या आणल्या होत्या.

मग कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो आधीच दोन पावलं मागे सरला.

“आजी, सिनेमाची डिस्क असेल तर मी कॉपी करून देणार नाही हं. गुन्हा आहे तो.”

“सिनेमा कुठला रे! यात माझे वडील होडीत चढताना पाण्यात पडतात आणि चष्मा शोधत बसतात.”

“मग चालेल,” म्हणाला, “पण मला दाखवा एकदा.”

त्यानेच समजावलं. डिस्क उघडायची, आतला अख्खा फोल्डर घ्यायचा, हार्ड डिस्कवर ठेवायचा आणि मग घाई न करता पट्टी भरेपर्यंत थांबायचं. आणि उतरलेली प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बघायची, नाहीतर काय उतरलं ते कळत नाही. हे मला पटलं. शिवलेला कपडा घालून बघितल्याशिवाय मीही कधी गिऱ्हाइकाला दिला नाही.

हे सगळं आत्ताच का, असं तुझ्या मनात येईल. डिस्क जुन्या होतात, एवढंच. दुसरं काही नाही.

एक विचारायचं आहे. एकेका डिस्कमधला व्हिडिओ चार-पाच तुकड्यांत दिसतो. ते तसेच ठेवायचे की जोडायचे? तुझा जन्म या धंद्यात गेला. कळव.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

आज कोणाची खुशाली विचारत नाही. विचारायला तोंड राहिलेलं नाही, आणि ते माझं नव्हे, तुझं.

तुकडे जोडायचे की नाही ते तू कळवलं नाहीस. आता कळवूही नकोस. जोडणारा तू नाहीस, कापणारा आहेस, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

डिस्कचा तो संच तू आम्हा सगळ्यांना दिलास तेव्हा तुझी बायको जाऊन वर्ष झालं होतं. वर छापलं होतंस, ‘आमचं कुटुंब’. मी छातीशी धरून घरी आणला आणि कपाटात ठेवला, कारण तिला हलताना-बोलताना बघायची हिंमत नव्हती. इतकी वर्षं झाली, बघितला नव्हता. या आठवड्यात प्रत तपासायची म्हणून बसले.

तळ्याकाठची सहल लावली. मोठी चादर, तिच्यावर डबे, आपले वडील टोपी डोळ्यांवर घेऊन झोपलेले, थोरला चेंडूच्या मागे. आणि मग एकदम पडदाभर गुलाबाची फुलं. लाल, वरून खाली पडताहेत, मागे सनई का बासरी असलं काहीतरी. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुढे गेले. माझ्या घरच्या वाढदिवसाची डिस्क. केक दिसतो, सुरी दिसते, सुरी धरलेला हात यायच्या आधी गुलाब. शाळेचा खेळाचा दिवस, शर्यत सुरू, शिट्टी, गुलाब. समुद्रावर गुलाब, दवाखान्याच्या पायरीवर गुलाब. अरे, तुझ्या घरात माणसं राहत होती की माळी?

मी जन्मभर कापडाला कात्री लावली आहे. जोड कुठे आहे ते मला बोटांनी कळतं. एका ठिकाणी फुलं पडायच्या आधी पडद्याच्या कडेला एक कोपर दिसतं. सोलवटलेलं, वर औषधाचा निळा डाग. ते कोपर कोणाचं आहे ते तुला माहीत आहे आणि मलाही. झाडावरून पडल्यावर तो डाग मीच लावला होता.

पोरीला काढून टाकलंस तू. पोटच्या पोरीला. सगळ्या डिस्कमधून वेचून वेचून काढलंस, भातातले खडे काढावेत तशी. का, तर तिने एका मूल असलेल्या माणसाशी लग्न केलं आणि तुला आधी विचारलं नाही. त्या दिवसापासून तू लोकांना सांगतोस, मला एकच मुलगा. ते मी ऐकून घेतलं, राग आहे, निवळेल म्हटलं. पण हे बसून, शांत डोक्याने, फ्रेममागून फ्रेम केलंस! रागात माणूस ताट भिरकावतो. ताटातला एकेक दाणा चिमटीने उचलून बाहेर टाकत नाही.

आणि एवढा हुशार कारागीर, तुझ्या लक्षात आलं नाही का? तुझी बायको कधी त्या पोरीपासून लांब बसली होती का? तिची वेणी घालताना, तिच्या पायातला काटा काढताना, तिच्या ताटातलं उरलेलं खाताना. पोरगी गेली तिथे आई गेली. सगळा संच पाहिला मी. तुझी बायको त्यात दोनदा दिसते, दोन्हीदा पाठमोरी. तिच्या आठवणीसाठी वाटलास ना हा संच? बायकोला मी विसरणार नाही म्हणून सगळ्यांच्या देखत रडला होतास ना?

मग मला कळलं तुझं काम कसं आहे ते. लग्नाच्या शूटिंगमध्ये दिवे गेले, किंवा कोणी तोंड वेडंवाकडं केलं, की तू चित्रावर फुलं टाकायचास आणि आवाज तसाच चालू ठेवायचास, म्हणजे सलग वाटतं. दुकानाची पद्धत तुझी. हात तसेच वळले बघ तुझे. चित्र झाकलंस, वर बासरी टाकलीस, आणि खालचा आवाज तसाच राहिला. मी कानाला हेडफोन लावला. वाढदिवसाच्या त्या डिस्कवर, बासरीच्या मागे, खूप आत, विहिरीतून यावं तसं कोणीतरी हसतं आहे. आणि तुझी बायको काहीतरी सांगते आहे. शब्द लागत नाहीत. तिचाच आवाज, पण शब्द नाहीत! तासन्‌तास बसले, बासरी बाजूला होत नाही. दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, “आजी, चहात साखर विरघळल्यावर परत काढता येते का?”

मूळ डिस्क तुझ्याकडे आहेत. न कापलेल्या. त्या मला पाठव. विनंती करत नाही, थोरली बहीण म्हणून सांगते आहे.

ताई


६ मार्च

धाकट्या,

तू उत्तर दिलं नाहीस, थोरल्याकडून फोन करवलास. बिचाऱ्याने पाठ केल्यासारखं सांगितलं.

“आत्या, बाबा म्हणतात, मूळ डिस्क त्यांनी फोडून टाकल्या.”

“तू बघितल्या का फोडताना?”

“नाही.”

“तुकडे झाडताना कोणी बघितलं?”

“आत्या, मला मधे नको ना घेऊ.”

“मधे तुझ्या बापाने घेतलंय, मी नाही. आणखी काय म्हणाला?”

त्याने आधी खोकून घेतलं. शेवटी म्हणाला, “म्हणाले, तुझ्या आत्याला सांग, कॉम्प्युटर घेतला म्हणून ती न्यायाधीश झाली नाही.”

बरं. न्यायाधीश नाही झाले. पण तुला लहानपणापासून ओळखते. तू फुटकी बरणी टाकत नाहीस, बंद पडलेल्या घड्याळाचे पट्टे जपून ठेवतोस, पहिला कॅमेरा अजून तुझ्या कपाटात मऊ फडक्यात गुंडाळलेला आहे. आणि डिस्क फोडल्यास? जा, दुसऱ्या कोणाला सांग.

आता मी तुझ्याशी सरळ बोलते, कारण पहिल्या पत्रात सरळ बोलले नव्हते. डिस्क जुन्या होतात म्हणून हे सुरू केलं नव्हतं. भिंगरी माझ्याकडे आली होती. हो, तिला मी भिंगरीच म्हणणार, एका जागी न टिकणाऱ्या पोरीला ते नाव तूच दिलं होतंस. ती वर्षातून दोन-तीनदा येते, आजवर तुला बोलले नाही. आता बोलते, काय करायचं ते कर.

जावयालाही घेऊन आली होती. त्यांची थोरली पोरगी, त्यांच्या पहिल्या बायकोची, माझ्या शिवणयंत्राला तेल घालून गेली. आणि भिंगरीची स्वतःची आता आठ महिन्यांची आहे. तुला ठाऊक नव्हतं ना? तुझ्यावर गेली आहे, कपाळ तेच, हट्टही तोच. घे, तुला ही शिक्षा.

भाजी निवडत बसलो होतो. भिंगरी मधेच थांबली.

“आत्या, मला आईचा आवाज आठवत नाही ग.”

“काहीतरीच काय बोलतेस!”

“खरंच. तिच्या घशाच्या ऑपरेशननंतरची ती खरखर आठवते, पाटीवर लिहून दाखवायची ते आठवतं. त्याआधीचा आवाज गेला. बाळाला झोपवताना मी काहीतरी म्हणते, आणि मला वाटतं हे आई असंच म्हणायची का? कसं म्हणायची? काही नाही. सगळं कोरं.”

मी म्हटलं, “अगं, त्यात काय! माझ्याकडे तुझ्या बापाने दिलेला अख्खा संच आहे. उतरवून देते.” एवढ्या फुशारकीने म्हटलं, धाकट्या! आणि मग बसले आणि निघाली फुलं.

तिला अजून सांगितलेलं नाही. काय सांगू? तुझ्या बापाने तुला झाकलं आणि तुझ्यासोबत तुझी आईही झाकली? दर आठवड्याला फोन करते. “आत्या, झालं का ग उतरवून?” मी म्हणते, “यंत्र हळू आहे, बाई.” तुझ्यामुळे मी या वयात खोटं बोलते आहे, आणि माझं खोटं टिकत नाही हे तुला माहीत आहे.

तुझी पोरगी तुझ्याकडे घर मागत नाही, माफी मागत नाही, तिच्या पोरीला मांडीवर घे असंही म्हणत नाही. आईचा आवाज मागते. तो तुझ्या मालकीचा नाही. कॅमेरा तुझा असेल, टेप तुझी असेल, दुकान तुझं असेल. पण ती बोलत होती ते तिच्या लेकीशी बोलत होती.

डिस्क पाठव. नाहीतर मी येऊन तुझं कपाट उघडते. न्हाव्यांना साक्षीला घेऊन.

ताई


२९ मार्च

प्रिय धाकट्या,

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नाही, चार शब्द नाहीत. जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या डिस्क, आणि टॉवेलाला तुझ्या खोलीचा वास. फोडलेल्या डिस्क फार सुबक जोडल्या आहेस, अभिनंदन.

भिंगरीला बोलावून घेतलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता, सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “गुलाबच का पण? मला गुलाब आवडत नाहीत हे त्यांना माहितीये.” आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की बाळ दचकून उठलं.

एकेक डिस्क लावली. एक सोडून बाकीच्या धुळीने माखलेल्या, पण मागची बाजू आरशासारखी, कोणी हातही लावला नव्हता. त्या पट्‌पट उतरल्या. सहल, शर्यत, समुद्र, सगळीकडे भिंगरी आहे. पण त्या सगळ्यांत आई दिसते आणि तिचा आवाज नाही, लाटांचा नाहीतर पोरांचा गोंगाट. आवाज आहे तो माझ्या घरच्या वाढदिवसाच्या डिस्कवर, आणि ती डिस्क चालेना. यंत्र घरघर करायचं, पट्टी अर्ध्यावर जायची आणि थांबायची.

मी ती काढून उजेडात धरली. धूळ नव्हती. मागची बाजू ओरखड्यांनी भरलेली, कडेला बोटांचे ठसे, आत-बाहेर, आत-बाहेर करून झालेले. मी कपडे बघून सांगते, हा ठेवून खराब झाला की घालून विरला. ही डिस्क घालून विरली आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती या पत्रात मावणार नाही. तू बघतोस! दार लावून तू ती बघतोस, इतकी की पार झिजवलीस, आणि आम्हाला फुलं दाखवतोस! तिच्या लेकीचं सगळ्या घरातून नाव पुसलंस आणि स्वतःसाठी मूळ प्रत ठेवून घेतलीस! आणि आता मला पाठवलीस ती माझ्या धमकीला घाबरून नव्हे. तुझ्या यंत्रावर ती चालेनाशी झाली म्हणून. खरं की नाही? चिठ्ठी लिहायची लाज वाटली, पण ताई काहीतरी करेल एवढी आशा होती.

तर ताईने केलं. दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने मऊ फडक्याने आतून बाहेर सरळ पुसली, गोल नाही, आणि एक असा प्रोग्रॅम लावला जो एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचत बसतो, मिळेल तेवढं उचलतो, न मिळेल ते सोडून पुढे जातो. यंत्र दोन दिवस चालू होतं. भिंगरी बाळाला कडेवर घेऊन त्या पट्टीसमोर येरझाऱ्या घालत होती. जावई म्हणाले, “तू बघितल्याने ती लवकर सरकणार नाही.” ती म्हणाली, “तुम्ही गप्प बसा,” आणि तेही तिच्यामागून चालायला लागले.

उतरलं. मधे चित्र चौकोनी चौकोनी होऊन फाटतं, पण आवाज अखंड आहे.

तुला पाठ असणार, तरी लिहिते. केक कापून झाला आहे. तुझी बायको भिंगरीच्या तोंडाला लागलेलं पुसते आहे आणि कॅमेऱ्याकडे बघून ओरडते, “अहो, तो डबा ठेवा आता आणि इकडे या! सदा न् कदा आपले मागे! उद्या पोरं विचारतील, आम्हाला बाबा होते का?” तू मागून हसतोस. म्हणतोस, “मी आलो तर कॅमेरा कोण धरणार?” आणि भिंगरी ओरडते, “मी! मी धरते!” चित्र गदागदा हलतं, एकदा छत, एकदा माझ्या चपला, आणि मग तू. तू, धाकट्या, बायकोच्या शेजारी, डोकं अर्धं कापलेलं, कारण पोरीची उंची तेवढीच. तुझी बायको तुझ्या शर्टाची कॉलर नीट करते आणि म्हणते, “हसा हो जरा. पोरगी काढते आहे.” आणि तू हसतोस.

इतकी वर्षं तू सगळ्यांचे व्हिडिओ काढलेस. तुझा एवढाच एक आहे, तुम्हा दोघांचा, आणि तो भिंगरीने काढला आहे. त्यावर तू फुलं टाकलीस.

भिंगरीने तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. बाळ “हसा हो जरा” ऐकलं की मान वळवून पडद्याकडे बघतं. परवा भिंगरी त्याला झोपवत होती, तर माझ्या कानावर आलं, अगदी त्याच सुरात, तोच हेल. तिला आठवलं आहे.

आता नीट ऐक. या व्हिडिओच्या दोन प्रती आहेत. एक भिंगरीकडे, एक माझ्या कॉम्प्युटरवर. दुरुस्तीवाला म्हणतो, मूळ डिस्क आता पुन्हा चालणार नाही, तेवढंच आयुष्य होतं तिचं. तुला प्रत हवी असणार. मी ती पाठवणार नाही. पेन ड्राइव्हवर नाही, फोनवर नाही, थोरल्याने कितीही गयावया केली तरी त्याच्याकडूनही नाही. तू रागावशील, ताई कठोर झाली म्हणशील. म्हण.

बघायचं असेल तर इथे ये. माझ्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत. एकीवर तुझी पोरगी बसेल. दुसरी तुझी. मी शिवणयंत्राच्या स्टुलावर बसेन. मांडीवर बाळ द्यायचं की नाही ते पोरगी ठरवेल, त्यात मी पडणार नाही. आणि चालू केल्यावर मधे उठून जायचं नाही.

पुढच्या रविवारी ती सगळी येणार आहेत. तू कोणत्या गाडीने येतोस ते पोस्टकार्डावर लिहिलंस तरी चालेल, पण तुझ्या हाताने लिही, थोरल्याकडून नको. लवकर लिही.

तुझी,
ताई